वीतभर सरकलेल्या कुंपणाबाबत

मी, वय एकाहत्तर, भूकंपमापन केंद्रातला निवृत्त यंत्रचालक, गल्लीत 'हादरा' म्हणून ओळखला जाणारा, कोणाच्याही दडपणाशिवाय ही माझी शेवटची इच्छा लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. देताना ते हसत होते, पण सही खरी आहे. परवापासून मला इतका आनंद झाला आहे की अक्षरही नाचते आहे. तेवढ्यावरून कोणी हे पत्र खोटे ठरवू नये.

१. राहते घर सामानासकट मुलीला. माझी लाकडी पृथ्वीही तिलाच. शाळेची मुले केंद्र बघायला आली की मी ती उघडून दाखवत असे: वर पातळ कवच, त्याखाली जाडजूड प्रावरण, मग वितळलेल्या लोखंडाचा बाह्य गाभा आणि मधोमध घट्ट आतला गाभा. मुलगी लहानपणी तिथे चॉकलेट लपवायची. एकदा मुख्याध्यापकांसमोर पृथ्वीच्या केंद्रातून मुंग्यांची रांग निघाली. तिने यापुढेही तिथे हवे ते ठेवावे, झाकण मात्र लावावे.

२. हातोडी, पाणसळ आणि ओळंबा कोपऱ्यावरच्या सुताराला. ही हत्यारे त्याने सहा वर्षांपूर्वीच उसनी नेली आहेत, त्यामुळे पोचवण्याचा प्रश्न नाही.

३. केंद्राच्या माजी साहेबांना माझी तीन पायांची खुर्ची. चौथा पाय त्यांच्याच कारकिर्दीत तुटला आणि माझा अर्ज त्यांनी निवृत्त होईपर्यंत विचाराधीन ठेवला. आता त्यांनी तिच्यावर बसून निवांत विचार करावा.

४. हे कलम नीट वाचावे. शेजारचे घर माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे. ती शिवणकाम करते. आमच्या दोन परसांमधले कुंपण वडिलांनी दोरी लावून सरळ घातले होते. अकरा वर्षांपूर्वी मला दिसले, की मागचा अर्धा भाग वीतभर माझ्या बाजूला आला आहे. मी तडक तिच्या दारात गेलो.

"ताई, कुंपण तू सरकवलंस!"

"मी? अरे, माझ्या हातून सुताएवढा फरक होत नाही. आधी तुझी टेप तपासून आण!"

मी सगळ्या गल्लीसमोर तिला चोर म्हणालो. तेव्हापासून बोलणे बंद. कपडेही मी बाजारातल्या शिंप्याकडे टाकू लागलो. त्याने माझी एकूण एक विजार आखूड करून दिली.

परवा मी कुंपण पुन्हा मोजले. आणखी चार बोटे आत आले होते! ताईचे तर गुडघे धरलेले, दोन वर्षांत ती परसात उतरलेली नाही. तेव्हा मला केंद्रातला नकाशा आठवला. दोन भूपट्टांची सीमा आमच्या परसांखालून आडवी जाते. कुंपणाचा पुढचा भाग एका पट्टावर, मागचा दुसऱ्यावर, आणि ते दोन पट्ट एकमेकांना घासत वर्षाला बोटाच्या पेरापेक्षाही कमी सरकतात. नकाशावर ती लाल रेघ तीस वर्षे मीच ओढत होतो! अख्खी पृथ्वी मला तोंडपाठ, आणि स्वतःचे परस काही तिच्यात धरले नाही.

ताई, चुकलो. तू चोर नव्हतीस, याचाच मला एवढा आनंद झाला आहे. अकरा वर्षे वाया घालवली, त्याचे मात्र फार वाईट वाटते. कुंपणाच्या मागच्या भागालगतची माझी सगळी जागा लिंबाच्या झाडासह तुला.

५. वरील कलम मी आज कुंपणाशी उभा राहून मोठ्याने वाचले. पलीकडे शिलाई मशीन थांबले. थोड्या वेळाने ताई काठी टेकत, गळ्यात टेप तशीच, माझ्या घरात आली.

"गाढवा, मी जागा मागितली होती का?" असे म्हणून तिने माझा कान धरला. मग आम्ही दोघेही रडलो, आणि हे पत्र करून घ्यायला आलेले वकीलसाहेब छताकडे बघत राहिले.

"सही कुठे करायची?" तिने विचारले.

वकील म्हणाले, "ताई, जो साक्षीदार होतो त्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही हं."

"मग पेन इकडे द्या."

ठिकाण: माझे जेवणाचे टेबल
दिनांक: ९ ऑगस्ट

लिहून देणार: हादरा (सही)
साक्षीदार १: डॉक्टर (सही)
साक्षीदार २: ताई, थोरली बहीण (सही). जागा नको. उद्या सुताराला बोलाव आणि कुंपण काढून टाक.