पुढं शिकायला पाठवताना

बाई, आज माझ्या लॅबमधल्या एका मुलीला मी पुढं शिकायला जा म्हणून सांगितलं, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता आपल्या शेवगावच्या कॉलेजात तुमचं नाव घेतलं तर शिपाईसुद्धा ओळखणार नाही. पण बोलू कुणाशी? नवऱ्याला सांगितलं तर म्हणेल, "गेली तर गेली, दुसरी घे." त्याला वाटतं, माणसं मेथीसारखी जुडीनं मिळतात.

मुलगी कर्जतकडची. मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून बी.एस्सी. बायोटेक. आपल्याकडे अजून असंच चालतं, बाई. डॉक्टर व्हायचं राहिलं की घरचे पोरीला बायोटेकला घालतात आणि पाहुण्यांना सांगतात, तेही डॉक्टरकीसारखंच असतं. शेवटच्या वर्षाला ती माझ्याकडे ट्रेनिंगला आली आणि मग राहिलीच. माझं काम तुम्ही कधी पाहिलं नाही. आम्ही ऊस, केळी, डाळिंबाची रोपं बाटलीत वाढवतो आणि बोटाएवढी झाली की शेडमध्ये मातीत लावतो. बाटल्यांच्या खोलीत जाताना बांगड्या काढायच्या, स्पिरिटनं हात पुसायचे आणि अवाक्षर बोलायचं नाही. बाकीच्या पोरी आठवड्यात कंटाळतात. ही तासन्‌तास बसते, आणि हिच्या बाटलीत बुरशी म्हणून येत नाही. मी तर मनातल्या मनात तिला कायमची करून टाकली होती.

आज डबा खाताना ती म्हणाली, "म्याडम, एम.एस्सी.च्या प्रवेशाची परीक्षा पास झाले, पन नंबर लागलाय पार दुसऱ्या राज्यात. मला लई भ्या वाटतंय. घरचे म्हनत्यात, चांगली नोकरी हाय, कशाला जातीस? उद्या प्रवेश घ्यायची शेवटची तारीख हाय. मी हितंच राहू का?"

मी बी.एस्सी.ला तुमच्याकडे शिकत होते तेव्हा आपल्या कॉलेजात बाटल्या निर्जंतुक करायला यंत्र नव्हतं, तर तुम्ही घरचा कुकर आणला होता. त्यात शिट्ट्या काढायच्या, शेवंतीची पेरं बाटल्यांत लावायची, आणि आठवडा सरायच्या आत पांढरी बुरशी हजर! मग मला अक्कल सुचली. घरी बोट कापलं की आई हळद दाबायची, म्हणून तुम्हाला न विचारता मी बाटल्यांत चिमूट चिमूट हळद टाकली. काय तो पिवळाधमक थाट! बुरशी आली नाही खरी, पण शेवंतीही काळी पडली. तुम्ही बाटली खिडकीशी धरून बघताय, मी खाली मान घालून उभी. "शाब्बास! रोग गेला आणि रोगीही गेला." मग म्हणालात, "का मेली, सांग." मला सांगता येईना. "मलाही येत नाही," तुम्ही म्हणालात. "माझं सगळं पुस्तकातलं. जिथं हे शिकवतात, तिथं जा तू."

मला कुठं जायचं होतं? कॉलेजात लॅब असिस्टंटची जागा निघाली होती. आमचे वडील खूश. "बायोटेक म्हंजी डागदर का मास्तर, ते मला अजून कळंना, पन कॉलेजची नोकरी कळती," म्हणायचे. आणि खरं म्हणजे मला तुमच्याजवळ राहायचं होतं. तुम्ही एकट्या, मी दर रविवारी तुमच्याकडे जेवायला. एका रविवारी तुम्ही थालीपीठ थापत होतात. मी म्हटलं, "मी इथंच राहते बाई, तुम्हालाही सोबत होईल." तुम्ही उलथनं घेऊन गर्रकन वळलात. "माझ्या थालीपिठाला लोणी लावत बसणार का जन्मभर? ऊठ, जा घरी!" भरलं ताट टाकून मी रडत घरी आले. रागारागानं अर्ज केला. एम.एस्सी. संपवून परत आले, तोवर तुम्ही गेला होतात.

आज मी मात्र खेकसले नाही. मला तसं जमत नाही. शांतपणे सांगितलं, "नुसत्या बी.एस्सी.वर राहिलीस तर जन्मभर दुसऱ्याच्या हाताखाली बाटल्या भरशील. एम.एस्सी. केलीस तर लसीच्या कंपनीत जाशील, बियाण्यांच्या संशोधनात जाशील, पीएच.डी. करशील. नाहीच झेपलं तर वर्षाचे डिप्लोमे आहेत, पॅथॉलॉजी लॅबचा कोर्स आहे, उपाशी नाही मरत कुणी. पण हात चांगला आहे म्हणून डोकं इथं गहाण टाकू नकोस."

तिनं डब्याचं झाकण लावलं. "मला वाटलं, तुमी ऱ्हा म्हनताल," म्हणाली. डोळे भरले होते तिचे. मी म्हटलं, "मी कोण ठेवणारी? जा, बॅग भर." एवढंच बोलले, पण आवाज फाटला, म्हणून उठून नळाशी हात धूत उभी राहिले. ती गेली ते मी पाहिलं नाही.

बाई, हे कागद मी कुठं धाडणार नाही. धाडायचं तरी कुठं? इतकी वर्षं मी हेच धरून बसले होते की तुम्हाला मी नको झाले होते. परक्या गावात होस्टेलच्या खोलीत या एका गोष्टीवर मी किती रडले, ते कुणाला ठाऊक नाही. आज नळाशी उभी असताना कळलं की तुम्ही इतक्या जोरात का खेकसलात. तुम्ही एकदा नुसतं 'थांब' म्हणाला असतात, तर मी थांबले असते. आणि ते तुम्हाला माहीत होतं.