गार्बान्सोच्या कपाळावरचा पांढरा ठिपका

तीर्थरूप मेल्चोरमामा यांना माद्रिदहून कासिल्दाचा नमस्कार. तुमची पाठ, मामींचा खोकला आणि द्राक्षमळा, तिन्ही आता ठीक असावीत. तुमचा घोडा पोचवणाऱ्या माणसाच्या हातीच हे पत्र देते आहे. घोडा मोकळा आणि माणूस पायी, असे दोघे चालत आलेले पाहून त्या बिचाऱ्याला वेड्यात काढू नका. कारण पुढे येईलच.

तुम्ही गार्बान्सोला आमच्या मास्तर हेरोनिमोंच्या चित्रशाळेत उसना धाडलात, हे उपकार मी विसरणार नाही. महाराजांचं घोड्यावरचं चित्र म्हटलं की घोडा मागच्या दोन पायांवर उभा हवा, ही दरबारी रीत. आपल्या गार्बान्सोने तर जन्मात दोन पाय एकदम उचललेले नाहीत. काठीला खरबूज बांधून दाखवलं तेव्हा मात्र उठला, खरबूज खाल्लं आणि खाली उतरला तो थेट मास्तरांच्या रंगांत. (अंगणात अजून निळे खूर उमटलेले आहेत.) शेवटी पाय एका जुन्या रेखाटनावरून घेतले. महाराजांनी चेहऱ्यापुरता तासभर दिला, तोही महालात खुर्चीवर बसून. बाकीचे महाराज म्हणजे मीच, त्यांचं चिलखत घालून दारूच्या पिंपावर. (तंगड्या पाहिल्यात तर ओळखाल. आईला सांगू नका.)

घोड्याच्या तोंडावरून मात्र मी मास्तरांशी भांडले. ते शाही तबेल्यातल्या एखाद्या देखण्या घोड्याचं तोंड चिकटवणार होते. आपल्या घरात अक्षरं शिकलेली मी पहिली, ती काय खोटं रंगवण्यासाठी? मी म्हटलं, या चित्रात निदान एक तोंड तरी खरं असू दे. मास्तर हसले, आणि त्या तपकिरी तोंडाचा फाटका डावा कान, कपाळावरचा सांडलेल्या दुधासारखा ठिपका, सगळं हुबेहूब उतरलं. महाराज खूश झाले. चित्र महालात लागलं.

मग एक दिवस शाही तबेल्याचे अधिकारी डॉन फाद्रिके आमच्याकडे आले. अंगणात गार्बान्सो दिसताच त्यांनी टोपी काढली. घोड्यासमोर! महाराज ज्या घोड्यावर एकदा बसले, त्यावर दुसऱ्या कुणी बसू नये, ओझंही लादू नये, हा नियम तुम्हालाही ठाऊक आहे.

"पण महाराज याच्यावर बसलेच नाहीत, साहेब."

"चित्रात बसलेत ना?"

"चित्रात, हो."

"मग महाराजांचं चित्र खोटं आहे म्हणतेस, पोरी?"

मास्तरांनी माझ्या पायावर पाय दिला. मी म्हटलं, नाही साहेब, अगदी खरं आहे.

तेव्हा गार्बान्सो आता मरेपर्यंत मानकरी. द्राक्षांची तोडणी तोंडावर आली असताना तुमचा एकुलता एक घोडा मी असा बसवून ठेवला, या विचाराने माझी झोप उडाली आहे. पण सत्यासाठी थोडं सोसावं लागतं, मामा.

तुमची,
कासिल्दा

ता.क. डॉन फाद्रिके ऐन तोडणीत तुमच्या गावावरून जाणार आहेत. मानकऱ्याची खुशाली विचारायला थांबतील.

आणखी ता.क. महालातल्या चित्राला आता हात लावता येत नाही. म्हणून चित्र राहू दे, आपण घोडाच बदलू. रविवारी मी येते. अक्रोडाची सालं उकळून गडद रंग काढून ठेवा; ठिपका मी बुजवीन, माझा हात आता चांगला बसला आहे. फाटक्या कानासाठी मामींची लाल गोंड्यांची झालर लागेल. डॉन फाद्रिकेंनी विचारलंच तर मानकरी वारला, हा त्याचा भाऊ. तुम्हाला खोटं बोलणं जमत नाही, ठाऊक आहे मला. तुम्ही नुसते टोपी काढून उभे राहा. बोलेन मी.