दुकानात 'मॅडम'च म्हणायचं

२ एप्रिल
आजपासून साडी सेंटरची सूत्रं माझ्या हातात. शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीनं मला काढलं, असं मुकुंदवाडीत बोलतात. चूक. तिथं माझ्या कुवतीचं काम उरलं नव्हतं. सोनियानं इतकी वर्षं दुकान एकटीनं सांभाळलं. बायको माझी, दमली असेल. तिला तसं म्हणालो. ती म्हणाली, "नाय, मी बरी आहे." दमलेली माणसं असंच बोलतात.

४ एप्रिल
दिवसभर निरीक्षण. सोनियाची गिऱ्हाइकाशी बोलायची पद्धत भयंकर. "ये गं मावशी, टेक आधी, पाणी पी." एकीला तर म्हणाली, "हा रंग तुला शोभत नाय, ठेव तो." सरळ अपमान! बाई खूश होऊन दुसरी साडी घेऊन गेली. योगायोग.

मी कंपनीत शिस्त पाहिलेला माणूस. नियम केले. बाईमाणूस दिसलं की 'मॅडम'. अरे-तुरे बंद. स्वागत इंग्रजीत. सोनियाला सांगितले. ती साड्यांच्या घड्या घालत होती. ऐकलं असावं.

५ एप्रिल, संध्याकाळ
शेजारच्या गल्लीतल्या जाहेदाबी आल्या. उठून म्हणालो, "वेलकम मॅडम, हाऊ मे आय हेल्प यू?" त्या म्हणाल्या, "भाभी किधर है?" जेवायला गेली म्हणालो. "हौ, तो मैं रुकती." आणि बाहेर पायरीवर बसल्या. उन्हात.

सोनिया आल्यावर दोघी सुनेच्या डोहाळ्यांवर तासभर बोलल्या. मला हेवा वगैरे वाटला नाही. फक्त एवढंच, की मला कुणी सुनेचे डोहाळे सांगत नाही.

८ एप्रिल
पाचोडच्या आवडाबाई परवा नातीच्या लग्नाचा बस्ता बांधायला येणार. नवरीपासून विहिणीपर्यंत सगळ्यांच्या साड्या आपल्याकडून! फोनवर सोनिया किती हसत होती. माझ्याशी बोलताना एवढी कधी हसली, ते आठवून पाहिलं. आज डोकं जरा जड आहे.

निश्चय: हा बस्ता मी एकटा करणार. सोनियाला म्हणालो, आईची आठवण येत असेल, दोन दिवस माहेरी जाऊन ये. तिनं माझ्याकडं नीट बघितलं. म्हणाली, "एवढंच मनात असंल तर करा."

१० एप्रिल, सकाळ
सोनिया कालच गेली. आज इस्त्रीचा शर्ट आणि टाय. आवडाबाईंनी मला अजून पाहिलेलं नाही. पहिलीच छाप महत्त्वाची.

१० एप्रिल, दुपार
आवडाबाई, त्यांची नात संस्कृती आणि जीपभर बायका. "गुड मॉर्निंग, मॅडम," म्हणालो. कोण मॅडम आली म्हणून आवडाबाईंनी मागं वळून पाहिलं. मग विचारलं, "सोनिया कुठंय?" मी म्हणालो, "आउट ऑफ स्टेशन." त्या म्हणाल्या, "कोणत्या ठेसनावर?"

मी उंची माल काढला. रेशमाबद्दल इंग्रजीत माहिती दिली. बायका चपला शोधू लागल्या. एक म्हणाली, गुलमंडीच्या बाजारात जाऊ. सोनियाला व्हिडिओ कॉल लावला. घाबरून नाही. व्यवस्थापनात असे निर्णय झटपट घ्यावे लागतात.

१० एप्रिल, संध्याकाळ
बस्ता झाला. सोनिया माहेरच्या ओट्यावरून सांगत होती, मी काढत होतो. "विहिणीला जरीची दाखवा, नायतर जन्मभर बोलून दाखवंल." बायका खो खो हसल्या. मध्येच ती थांबली. "संस्कृती, इकडं बघ बाई. रडती कशाला? मी येते ना हळदीला." नवरी रडत होती, हे मला दिसलंच नव्हतं. मी हातभर अंतरावर उभा होतो.

पदर कसा पडतो ते दाखवायला साड्या माझ्याच खांद्यावर. टायवरून. जांभळी मला शोभते, यावर सगळ्यांचं एकमत.

जाताना आवडाबाईंनी फोन तोंडाजवळ धरला आणि माझ्यादेखत सोनियाला सांगितलं, "पोरगं नवं दिसतंय तुझं. बोलायचं कळत नाय, पण राबतंय लई. कायम करून टाक त्याला."

मी ताठ उभा राहिलो. आता सोनिया सांगणार, हे माझे मालक.

तिकडून ती म्हणाली, "बघते मावशी. अजून थोडे दिवस ठेवून बघते."