श्रीरंगमले बाबा बसले ते बसलेच

श्रीरंगम, २ डिसेंबर १९९२

प्रिय दादा,
तुले आन वहिनीले नमस्कार. देवळीचा फोन लागून नाई राह्यला, म्हणून लिहितो. आईले सांगजो, बाबा बरे आहेत, इडली खातात. तुले खरं सांगतो, दोन घासच.

परवा रंगनाथाचं दर्शन झालं. देव शेषावर निजलेला आहे. पुजाऱ्यानं हिंदीत कथा सांगितली. बिभीषण हा देव लंकेले नेत होता. कावेरीकाठी खाली टेकवला, तर मंग उचललाच नाई गेला.

ते ऐकून बाबा खांबाले टेकून बसले. "रंजना, मले बी आता उचलू नोको," म्हणे. मी हसली. पण त्यायले उठता येईना. संगची मंडळी रामेश्वरले गेली, आम्ही धर्मशाळेत आहो. डॉक्टर म्हणते, एवढ्या लांब गाडीत नेऊ नका.

कापूस वेचून झाला काय? आईचा गुडघा कसा आहे?

आज सकाळी बाबांनी आवाज दिला, "आनंदा, पाणी आण." आईले नावानं हाक मारताना मी त्यायले कधीच ऐकलं नोतं. पाणी मी नेलं, तर माह्याकडे पाहून म्हणे, "ती नाई आली?"

दादा, पत्र भेटल्याबरोबर आईले घेऊन निघजो. दर्शनाले चाललो, एवढंच तिले सांगजो.

तुही बहीण,
रंजना