बिनआवाजाचं मशीन

विश्रांतवाडी
मंगळवार, १२ मार्च २००२

नाही बाबा, मशीनचा आवाज कमी झालेला नाही.

आधी सप्रेम जयभीम लिहायचं असतं, माहितीये. जयभीम. तुम्ही आंघोळीला गेलायत, आई डबा भरतेय आणि मी त्याच घरात बसून तुम्हाला पत्र लिहितेय. हसा खुशाल. पण काल जेवताना मी तोंडी सांगून बघितलं ना! म्हटलं, "बाबा, मशीनचा आवाज खूप आहे." तुम्ही खुशीत मान हलवलीत आणि म्हणालात, "तेच तर सांगतोय मी सगळ्यांना!" आईनं माझ्याकडे असं बघितलं, की मी गपचूप भात कालवत बसले. म्हणून हा कागद. कागद तुम्ही मशीनच्या ड्रॉइंगसारखा वाचता, एक रेघ सोडत नाही.

आधी चांगलं सांगते. रविवारी शेडमध्ये काढलेले फोटो मस्त आलेत. एका फोटोत शेडवरचा आपला गेनबा पालकाची गोठलेली लादी दोन्ही हातांनी उचलून धरतोय, जिंकलेल्या चषकासारखी, आणि बाजूच्या पातेल्यात हिरवीगार प्युरी. मला तो फोटो बघून अंगावर काटा आला, खरंच. बाकीचे लोक गोठलेली भाजी आधी वितळवत ठेवतात, पाणी गळतं, रंग जातो, मग उरलेला चोथा घोटत बसतात. तुम्ही ती विटेसारखी लादी सरळ फोडायलाच घेतलीत. आधी दाते, मग स्क्रू, मग जाळीवर फिरणारी पाती. मी चार वर्षं मेकॅनिकल शिकले, मला हे सुचलं नसतं. तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण तुम्ही लगेच म्हणाला असतात, "मग ये ना शेडवर. कीबोर्ड काय बडवतेस?"

माहितीपत्रक ऑफिसात टाइप करून झालंय. तुम्ही सांगितलेली पहिली ओळ सोडून. "अजिबात आवाज नाही." ही ओळ माझ्या हातून टाइपच होईना.

रविवारी तुम्ही मशीन चालू केलंत, लादी आत सोडलीत आणि माझ्याकडे वळून म्हणालात, "ऐकलंस? काही नाही!" बाबा, माझ्या दाढेत भरलेली चांदी हलली. पत्र्याच्या छपरावर कुणीतरी ट्रकभर दगड ओततंय असं वाटलं. आणि मी काय केलं? मी म्हटलं, "हो ना!" तुमचा चेहरा असा फुलला होता, दुसरं काय म्हणणार?

तिथे सगळे हेच करतात. तो शेडमधला काळा कुत्रा, जो कशालाच भीत नाही, तो गेनबानं लादी उचलली की आधीच रस्त्यापलीकडे जाऊन बसतो. शेजारच्या बालवाडीच्या बाई मुलांची झोपायची वेळ तुमच्या जेवणाच्या सुट्टीत ठेवतात. आणि गेनबा कानात बोळे घालतो. तुम्ही विचारलंत तेव्हा तो म्हणाला होता ना, "गार वारं लागतंय ओ कानाला, लादीचं." आणि तुम्ही त्या माणसाला मफलर आणून दिलात! मार्च महिन्यात तो मफलर गुंडाळून घाम पुसत उभा असतो. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाला, "ताई, मालकांना सांगू नगा. लई खुश हायेत ते."

मीही सांगितलं नसतं. खरंच. अजून एखादा महिना मीसुद्धा "हो ना" म्हणत राहिले असते.

पण परवा श्यामसुंदरशेठ ट्रायल बघायला येणार. त्यांचं सूप-ज्यूसचं युनिट नारायण पेठेत आहे, वर बिऱ्हाडं राहतात. आवाज नाही या एका गोष्टीवर तुम्ही त्यांना बोलावलंय. ते मशीन चालू झाल्यावर कानावर हात ठेवतील आणि पेठेतल्या माणसासारखं काहीतरी बोलतील. "वा, मशीन शांत आहे, फक्त आम्हाला बहिरे भाडेकरू शोधायला हवेत" असलं काहीतरी. आणि तुम्ही हसून मान हलवाल. ते माझ्याच्यानं बघवणार नाही.

आणि दुसरं. गेनबाचा शर्ट.

गेल्या आठवड्यात तुम्ही त्याला विचारलंत, "बाही कुठे फाडून आलास?" तो म्हणाला, खिळ्याला अडकली. खिळ्याला नाही. पात्यात अडकली होती. तुम्ही स्विचपाशी उभे होता, पाठ करून, हातभर अंतरावर. तो ओरडला, "बंद करा! मालक, बंद करा!" परत ओरडला. मग स्वतःच हिसका देऊन बाही फाडली. तुम्ही त्यानंतर वळलात. हे त्यानं मला सांगितलं तेव्हाही तुमच्यावर रागावला नव्हता. उलट म्हणाला, "मीच हळू वरडलो आसंन." गेनबा! तो फोनवर बोलतो तेव्हा पलीकडच्याला फोनची गरज नसते.

आता तुम्हाला कळलंय मी काय लिहायचं टाळतेय. बेअरिंग गेलं का बघायला तुम्ही स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला लावता आणि मूठ कानाला. लहानपणी मला वाटायचं, मशीन तुम्हाला काहीतरी सांगतं. रविवारी बघितलं, तुम्ही मूठ कानाला लावलीत, काढलीत, दुसऱ्या कानाला लावलीत, मग स्क्रूड्रायव्हरच बदललात.

बाबा, स्क्रूड्रायव्हर चांगला आहे. तुमचे कान गेलेत. पूर्ण नाही. पण गेलेत. इतकी वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये लोखंड कापून, ठोकून, दुसरं काय होणार होतं?

लिहिलं. आईनं आत्ता डोकावून बघितलं आणि डोळे पुसत परत गेली. ती वर्षभर तुमच्याशी ओरडून बोलतेय. शेजारच्या सुंदराबाईंनी तिला परवा विचारलं, "कौशल्याबाई, रोज सकाळी एवढी भांडणं कसली हो?" तिनं सांगितलं, "भाजी काय आणायची त्याची." पण तुम्हाला सांगायचं म्हटलं की तिचा धीर सुटतो. म्हणते, "मशीनच्या आवाजावर पोट भरलं गं त्या माणसानं."

तिच्याकडूनच मला काल आणखी एक गोष्ट कळली. ती तर सगळ्यात वाईट आहे.

मी नोकरी धरली तेव्हा तुम्ही रागावलात. बोलला नाहीत, पण मला कळलं. कारण सकाळी बससाठी निघताना मी दारातून म्हणायचे, "येते, बाबा!" आणि तुमचं "ये" यायचं बंद झालं. पेपरमधून डोकं वर नाही. शाळेत असल्यापासून ज्या दिवशी तुम्ही "ये" म्हटलं नाही असा दिवस नव्हता. मी थोडे दिवस जोरात म्हटलं. मग हळू. मग म्हटलं, नसेल बोलायचं तर नको. चप्पल घालायची आणि निघायचं. बसमध्ये तुमच्याशी मनात भांडायचे, थेट कंपनीच्या गेटपर्यंत.

आणि काल आई सांगते, तुम्ही तिला विचारलंत, "अपू हल्ली सांगूनसुद्धा जात नाही. मोठी झाली का रागावली?"

बाबा! मी म्हणत होते हो. मी रोज म्हणत होते.

मला काल रडू आलं आणि हसूही आलं. वर्षभर आपण दोघं एकाच दारात एकमेकांवर रुसून बसलो.

आता ऐका, म्हणजे वाचा. मशीन उत्तम आहे, एक दाता बदलू नका. आवाज कमी करता येतो. पायांखाली रबराचे जाड पॅड घालू, लादी टाकायच्या तोंडाला आतून रबर आणि वर झाकण. मी रजा टाकलीये, उद्या सकाळपासून शेडवर आहे. हो, शेडवर. फार खुश होऊ नका, एकाच दिवसापुरती. शेठना मी फोन करून सांगितलंय, मशीन आवाज करतं, पण काम बघायला या. ते म्हणाले, "आवाज काय, माझा मुलगाही करतो." येणार आहेत. आणि स्विच गेनबाच्या हाताजवळ येईल असा हलवायचा. यावर वाद नको.

आज संध्याकाळी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीये. बस मला नाक्यावर सोडते, तिथूनच आपण जाऊ. कानाचं मशीन दिलं तर घालायचं. उघडून आत काय आहे ते बघायचं नाही. निदान पहिल्या दिवशी नाही.

बाथरूमचं दार वाजलं. तुम्ही बाहेर याल, "कसलं पत्र, काही झालेलं नाही मला" म्हणाल, आणि मग मी परत "हो ना" म्हणेन. म्हणून तुमच्या चष्म्याखाली हा कागद ठेवते आणि पळते. बस कोपऱ्यावर हॉर्न वाजवतेय.

येते, बाबा.

तुमची अपेक्षा