आधी हाताचा फोटो घे

योगेश,

लॅपटॉप बंद करू नको. याडीनं भरतकाम केलेल्या कापडांचे फोटो मी संस्थेच्या वेबसाइटवरून कॉपी करून वर्डच्या फाइलीत टाकले होते. आता नेट गेल्यावर फाइल उघडली, तर फोटोंच्या जागी नुसते रिकामे चौकोन अन् लाल फुल्या. एकबी फोटो उतरलेला न्हाई. अन् वेबसाइट आज संध्याकाळी कायमची बंद होऊन राहिली. संस्थेच्या बाई फोन उचलत न्हाईत, म्हणून जीपनं हिंगोलीला त्यांच्या पाया पडायला चालले.

नेट आलं की प्रत्येक फोटो आधी लॅपटॉपात सेव्ह कर, मगच वर्डमध्ये घाल. खाली याडीचं नाव लिही, चंदाबाई. संस्थेनं ते कुठंच लिहिलं न्हाई. कापडं तर सगळी विकून टाकली.

माझ्यावर चिडायचं ते मागून चीड. आधी वेबसाइटच्या शेवटच्या पानावरचा फोटो घे. त्यात कापड कमी अन् सुई धरलेला, गोंदलेला हातच जास्त दिसतो. बाकीचे न्हाई जमले तरी चालंल. याडी गेली, आपण तिची लेकरं, अन् आपल्याकडं तिचा दुसरा फोटो न्हाई.

शिला