सातव्या प्रश्नाला शून्य

१ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. हौस म्हणून नव्हे. पुढे लोक विचारतील तेव्हा तारखा हाताशी असाव्यात.

डायरी हिने आणली. ही वह्या-डायऱ्या बांधायच्या कारखान्यात कामाला आहे. पानं चुकलेला माल मालक बायकांना फुकट वाटतो. केवढं हे औदार्य. चाळून पाहिली: ११ ते १४ मार्च गायब आहेत आणि २४ मार्च दोनदा आहे. बाकी वर्ष ठीक दिसतंय.

आज रोजगार आणि कामाची परिस्थिती या राष्ट्रीय सर्व्हेत अन्वेषक म्हणून रुजू होतोय. देशात कोण कामाला आहे आणि कुठल्या हालतीत, हे देशाला माझ्याकडून कळणार. देशाला इतकी वर्षं थांबावं लागलं, त्याला माझा इलाज नाही.

१ मार्च, संध्याकाळी
ट्रेनिंग झालं. दोन तासांचं होतं, पाऊण तासात आटोपलं. खोलीत खुर्च्या नव्हत्या आणि सुपरवायझर साहेबांचे पाय दुखायला लागले.

फॉर्मात चव्वेचाळीस प्रश्न. सगळी मेख सातव्यात: इथे कामगार किती? उत्तर शून्य असेल तर मधलं सगळं सोडून थेट एक्केचाळीसवर उडी. तिथून पुढे फक्त पत्ता, शिक्का, सही.

साहेबांनी फळ्यावर दोन नियम लिहिले. पहिला: समोरचा सांगेल ते जसंच्या तसं नोंदवावं. दुसरा लिहिताना खडू संपला, म्हणून तो ‘आत जाऊन’ एवढाच राहिला. वहीत तसाच उतरवून घेतला.

नेमणूकपत्र मागितलं. साहेब म्हणाले, काम बघू आधी. महिनाअखेर जो साठ फॉर्म आणेल त्याला सुपरवायझर म्हणून कायम करणार. आम्ही तीस जण आहोत. बाकीच्या एकोणतीस जणांचं वाईट वाटलं.

ओळखपत्र मिळालं. फोटो माझ्या आधीच्या माणसाचा आहे. साहेब म्हणाले, फोटोवर अंगठा ठेवून दाखवत जा.

२ मार्च
पहिला फॉर्म. केस कापायचं दुकान, कारागीर दोन. प्रश्न अकरा, नेमणूकपत्र दिलं आहे का? धाकट्या कारागिराने वस्तरा थांबवला आणि मलाच विचारलं, तुम्हाला दिलंय का? फॉर्मबाहेरचे प्रश्न मी घेत नाही. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने बसून होतं, तेही हसलं. दोन कारागिरांचा फॉर्म भरायला एक तास पन्नास मिनिटं लागली. दर्जाला वेळ लागतो.

४ मार्च
हिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. म्हणजे ती गेली, मी फॉर्म नीट लावत होतो. पोटऱ्यांच्या शिरा सुतळीसारख्या वर आल्यात. बाई म्हणाल्या, बसून काम करा, नाहीतर काम सोडा. काम सोडलं तर घर कशावर चालेल, असं हिने मला विचारलं. उत्तर माहीत असताना प्रश्न विचारायची हिला सवय आहे.

कारखान्यात चौदा बायका. दहा तास उंच टेबलाशी उभं राहून पानं जुळवायची. स्टूल एकही नाही. मालक म्हणतो, बसलं की हात मंदावतात. तो स्वतः दिवसभर बसलेला असतो, म्हणजे अनुभवाचे बोल.

मी फॉर्म उघडून हिच्यापुढे ठेवला. प्रश्न तेवीस, बसण्याची सोय आहे का? म्हटलं, उद्या देश विचारणार म्हटल्यावर मालक काय करेल? महिनाअखेर तुला स्टूल मिळालं नाही तर नाव बदलीन. हा माझा शब्द. ही म्हणाली, शब्दावर बसता येत नाही. बोलते बरी. शिकली असती तर माझ्या हाताखाली लागली असती.

७ मार्च
फॉर्म: सहा. ‘झटपट’चे सव्वीस. झटपट म्हणजे आमच्यातलाच एक, कायम चहाच्या टपरीवर पडीक. आज त्याने गुरुमंत्र दिला. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं आणि मालकाला आवाज चढवून विचारायचं, काय हो, कोणी कामाला ठेवलंय का? मालक घाबरून नाही म्हणतो. सातव्याला शून्य. चार मिनिटांत फॉर्म तयार.

मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. अजून तोंडाने बोललो नाही, पण माझ्या चेहऱ्यावरून तो समजला असेल.

१० मार्च
लाँड्री. आत आठ माणसं इस्त्री करतायत, वाफेने समोरचं दिसेना. मालक म्हणाला, कामगार नाहीत, भाचे आहेत. आठही भाचे. त्यातला एक मालकापेक्षा दहा वर्षांनी मोठा. मी म्हटलं, भाच्यांच्या आयांची नावं सांगा. मालकाने मला बाहेरचा रस्ता दाखवला. फॉर्म बुडाला, तत्त्व राहिलं. घरी सांगितलं. ही म्हणाली, आज बरं वागलात. ‘आज’ या शब्दावर जोर द्यायची काही गरज नव्हती.

१५ मार्च
११ ते १४ ही पानंच नसल्यामुळे नोंद नाही. नेमकं त्याच चार दिवसांत मी हाडाची काडं केली. ही म्हणते, मी चारही दुपारी घोरत होतो. तिच्याकडे पुरावा नाही. माझ्याकडेही नाही, पण ती चूक बांधणीची.

फॉर्म: दहा.

१८ मार्च
नवी यादी आली. माझ्या भागात हिचा कारखाना.

हिला सांगितलं तर आधी खरंच वाटेना. मग माझ्या हातातली यादी घेऊन दोनदा वाचली. रात्रीतच फोनवर तिने बाकीच्या तेरा जणींनाही सांगून टाकलं. एरवी कोणी तपासायला आलं की मालक मधला पडदा ओढतो आणि बायकांना गप्प राहायला सांगतो. ही म्हणाली, अहो, तुम्ही फक्त तो पडदा सरकवा. बाकी काही करू नका. आम्ही काय ते बोलू.

एवढंच? मी तर भाषण तयार करतोय.

२१ मार्च
फॉर्म: चौतीस. वेग वाढलाय.

इथे एक खुलासा करून ठेवतो. मी झटपटची पद्धत वापरत नाही. तो आवाज चढवून विचारतो, मी सौम्यपणे विचारतो. उत्तर शून्य येतं, हा योगायोग. पहिला नियमच आहे, समोरचा सांगेल ते. लाँड्रीत परत गेलो होतो. भाचे खुशाल आहेत.

२४ मार्च, दुपारी ४
कारखान्यात अडीचला पोचलो. मालकाने आपल्या खुर्चीवर बसवलं. फिरती, गादीची. पंखा माझ्याकडे वळवला. चहा, बिस्किटं. सरकारी माणसाचा मान ठेवणारा गृहस्थ आहे, हिने उगाच त्याच्याबद्दल माझं मन कलुषित केलं होतं.

सातवा प्रश्न विचारला. म्हणाला, कामगार कुठले साहेब, बायका येतात, हातभार लावतात, घरच्यासारख्याच आहेत.

मी पडद्याकडे पाहिलं. पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. खाली पावलं दिसत होती. अठ्ठावीस. एका जोडीवर आमच्या घरच्या चपला होत्या, उजव्या अंगठ्याला मीच घातलेला खिळा.

उठणार होतो. पण चौदा कामगारांचा फॉर्म म्हणजे दिवस गेला, आणि अजून तीन ठिकाणं बाकी. शिवाय दुसरा नियम फळ्यावर अर्धाच होता. ‘आत जाऊन’ काय करायचं, ते कुठे लिहिलं होतं? चहाही गरम होता.

शून्य लिहिलं. थेट एक्केचाळीसवर. मालकाने सही-शिक्का केला. फॉर्मची गुलाबी प्रत त्याला दिली आणि म्हटलं, राष्ट्रीय कागद आहे, चौकटीत घालून लावा, गिऱ्हाइकांवर छाप पडते. त्याला ते फार आवडलं.

२४ मार्च (दुसरं पान), संध्याकाळी ७
या तारखेला दुसरं पान आहे ते एका परीने बरंच. पहिल्यावर घाईत लिहिलं गेलं. खरा प्रकार असा: मी मुद्दाम पडदा सरकवला नाही. सरकवला असता तर बायकांवर मालकाचा डूख राहिला असता. दूरदृष्टीने विचार करून मी सर्वांचं हित

ही आली. चपला काढल्या. गरम पाण्यात पाय सोडून बसली. मी वाट पाहत होतो की ओरडेल. तिने एवढंच विचारलं, पडदा फार जड होता का?

लाज वाटली. खरंच वाटली. तिच्या पायांकडे बघवेना म्हणून भिंतीकडे बघत बसलो. वरचं वाक्य पुरं करायला नंतर जमलं नाही.

२८ मार्च
फॉर्म: त्रेपन्न. सुपरवायझर झालो की पहिला हुकूम, ट्रेनिंगच्या खोलीत खुर्च्या. हिला सांगितलं. ती तेरा जणींपैकी कोणाच्या तरी घरी निघाली होती. हल्ली रोज संध्याकाळी जाते. बायकांच्या गप्पा.

३१ मार्च
एकसष्ट. झेंडा रोवला. साहेब म्हणाले, बघू. साहेबांच्या ‘बघू’मध्ये होकार असतो.

३ एप्रिल
कारखान्यात काल जे झालं ते हिने आज सांगितलं, आणि तेही मी तीनदा विचारल्यावर.

मालकाने गुलाबी प्रत खरंच चौकटीत घालून दारापाशी लावली होती. काल सकाळी हिने ती खिळ्यावरून काढली, आत नेली आणि जुळणीच्या टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी टेकवून ठेवली. मग कागदाचे गठ्ठे ओढून चौदाही जणी खाली बसल्या. हात मांडीवर. मालक धावत आला, उठा म्हणाला, कामाला लागा, उद्या दोन हजार वह्या जायच्यात. हिने चौकटीकडे बोट दाखवलं. म्हणाली, मालक, इथे कोणी कामाला नाही, असं सरकारी कागदावर लिहिलंय, खाली तुमची सही आहे. आम्ही घरच्यासारख्या. घरी आलेल्या माणसाला आधी बस म्हणतात.

मालक दिवसभर उभा होता म्हणे. काम सुरू करायच्या दोन अटी. चौदा स्टुलं आणि सातवा प्रश्न दुरुस्त. संध्याकाळपर्यंत स्टुलं आली. टेबल उंच म्हणून स्टुलंही उंच मागवली, खाली पाय टेकायला पट्टी असलेली. तेही हिनेच सांगितलं.

बघा. महिनाअखेर स्टूल, असा शब्द दिला होता. दोन दिवस इकडेतिकडे. शिवाय चौकटीची सूचना कोणाची? हिला तसं म्हटलं. ही इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

दुसऱ्या अटीकडे तेव्हा माझं नीट लक्ष गेलं नाही.

५ एप्रिल
ऑफिसात बोलावणं. सुपरवायझरचा सदरा धुऊन ठेवला होता, तोच घातला.

कारखान्याच्या मालकाने स्वतः फोन करून सांगितलं होतं की माझ्याकडे चौदा कामगार आहेत आणि तुमच्या माणसाने शून्य लिहिलंय. मग साहेबांनी माझे बाकीचे फॉर्म तपासायला पाठवले. एकसष्टपैकी एकोणपन्नास शून्य. लाँड्रीतले भाचेही कामगार निघाले. साहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नका. मी म्हटलं, ठीक आहे, पण काढल्याचं पत्र द्या. साहेब म्हणाले, ठेवल्याचं कुठे होतं?

यात मुद्दा होता. मी ओळखपत्र परत केलं.

सुपरवायझर झटपट झाला. त्याच्या शून्यांबद्दल कोणाचा फोन आला नाही.

८ एप्रिल
स्वतःचा सर्व्हे काढण्याचा विचार. अधिक सखोल.

१० एप्रिल
विचार चालू आहे.

१२ एप्रिल, सकाळी ८
सर्व्हेची दुसरी फेरी सुरू झाली. या वेळी घरोघर, फॉर्म एकाच पानाचा. दारात पन्नाशीच्या एक बाई, काखेत फॉर्मांचा गठ्ठा. ओळखपत्र दाखवलं. अंगठा जरा सरकला. फोटो तोच, माझ्या आधीच्या माणसाचा. मी ओळख दाखवली नाही.

मी म्हटलं, विचारा. बाईंनी विचारलं, घरात कामाला असलेली माणसं किती? मी उत्तर देण्यासाठी घसा साफ करत होतो, तेवढ्यात ही डबा भरता भरता म्हणाली, एक.

बाईंचं पेन थांबलं. माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना अनुभवाने सांगू शकलो असतो की समोरचा सांगेल ते लिहायचं, बोलायचं नाही. पण बाई नवीन होत्या, नियमाला धरून होत्या. आत येऊ का, म्हणाल्या. ही म्हणाली, या की, आधी बसा. बाई आत आल्या, बसल्या, सगळीकडे नीट पाहिलं. दाराशी हिच्या चपला. कोपऱ्यात माझी उशी. टेबलावर ही डायरी, उघडी.

त्यांनी एक लिहिलं. ही कामाला निघून गेली होती, म्हणून माहिती देणाऱ्याच्या जागी सही माझी घेतली.

चार मिनिटं लागली.